सभागृह काबीज करोन पडदा वाळविल्याची हकीकत

सर्वांनी सावध होऊन ऐकावे. किल्ले सर केले, मुलूख मारले, तख्ते उलथली, त्यांची वर्णने लिहिणारे बहुत जाहले आणि त्यांस बक्षिसेही पावली. परंतु एका शहरी महापूर ओसरल्यावर एका बाईने एक भिजला पडदा वाळविला, आणि तो वाळू नये म्हणोन थोर थोर मुत्सद्द्यांनी केवढी शर्थ केली, ही हकीकत कोणी लिहिली नाही. मुत्सद्द्यांस ती लिहविणे सोयीचे नव्हते आणि बाईस फुरसत नव्हती. सबब ती येथे जैसी घडली तैसी लिहिली जाते. वाचणाऱ्यास हसू आल्यास हसावे, परंतु पदवीधारकांची अदब राखोन हसावे.

त्या शहरी नदीलगत जुने नाट्यगृह होते आणि त्याचे पदरी तीन रंगविले पडदे होते. एक राजमहालाचा, एक अरण्याचा, आणि एक रस्त्याचा. महाल आणि अरण्य चार नाट्यगृही असतात तैसेच होते. रस्त्याची गोष्ट वेगळी. चिताऱ्याने शहरातलीच जुनी बाजारगल्ली जशीच्या तशी उतरविली होती, दुकान अन् दुकान, गच्ची अन् गच्ची. पुढे लढाई जाहली, शहरावर गोळे पडले, गल्ली जळोन खाक जाहली आणि तिची रंगीत निशाणी म्हणोन हा पडदा तेवढा मागे राहिला. तेव्हा शहाण्यांची वारसा संरक्षण समिती उभी राहिली, आणि पडद्याचे रक्षण कैसे करावे याची मसलत बसली, आणि बहुत खल होऊन ऐसे ठरले की पडदा कोणाचे दृष्टीसच पडू देऊ नये. मग तो गुंडाळोन नदीला खेटून असलेल्या तळघरात ठेविला आणि दारास भक्कम कुलूप घातले. पडदा इतका सुरक्षित जाहला की लोक त्यास विसरले. समितीस आपल्या कामाचे परम समाधान वाटले.

समितीचे अध्यक्ष शहराच्या संग्रहालयाचे संचालक, वारसाधुरंधर, परिषदभूषण, परदेशगमनपटू. त्यांचे हाताखाली एक बाई चाकरीस होती. जुने कापड, कागद, लाकूड यांस कीड आणि कुज लागू न देणे हे तिचे काम. दर बैठकीत ती उभी राही, तळघरात ओल आहे, बुरशी धरेल, ऐसे सांगे आणि खाली बसे. त्यावरून कचेरीत तिचे नाव बुरशीबाई पडले. तिच्या कानी ते आले होते. बाई घरी मोठी तिखट, नवऱ्याचे नातलग तिला वचकून असत; परंतु कचेरीच्या उंबऱ्यापाशी तिची जीभ टाळूला चिकटे, हा तिचा दोष ती जाणून होती आणि त्याची तिला मनातून चीड होती.

ऐसियासी नदीस महापूर आला. पाणी तळघरात शिरले, मनसोक्त राहिले आणि आपल्या मर्जीने निघोन गेले. बाई गुडघ्याएवढे बूट घालोन खाली उतरली. महाल आणि अरण्य तळाशी पडले होते, ते एकमेकांत मिसळोन चिखलाचा एकच लोळागोळा जाहला होता. रस्ता वरल्या फळीवर होता, तो भिजला होता परंतु धड होता. बाईने गुंडाळीवर तळवा ठेविला. गार लागली आणि आंबूस वास आला. पडद्याचे रंग सरसात कालविले होते, आणि सरस पाण्याने सुटतो. पडदा गुंडाळलेला राहिला तर थरास थर डकेल आणि वरोन बुरशी चढेल, मग उलगडू जाता चिंध्या हाती येतील. त्यास हवी होती कोरडी, लांबरुंद जमीन आणि वारा, तोही आजउद्यात. ऐसी जमीन उभ्या शहरात एकच उरली होती. ती टेकाडावरल्या नगरसभागृहाची.

बाई संचालकसाहेबांकडे रुजू जाहली आणि सभागृह मागितले. तेव्हा उमजले की दुसरे दिवशी संध्याकाळी तेथे मोठा दरबार ठरला आहे, राजधानीहून मंत्री यावयाचे आहेत, आणि महापुरात वारशाचे रक्षण केल्याबद्दल समितीचा सत्कार व्हावयाचा आहे. वारसा तळघरात कुजत असता रक्षण कोणते आणि सत्कार कशाचा, हा प्रश्न बाईच्या ओठापर्यंत आला, तो तिने नेहमीप्रमाणे गिळला. संचालकसाहेबांनी हुकूम फर्माविला की बाईंच्या भावनांची समितीस कदर आहे, सत्कारानंतर या विषयी उपसमिती नेमावी, तोवर पडद्यास कोणी हात लावू नये. बुरशीस तोवर थांबण्याची ताकीद द्यावयाची मात्र राहोन गेली.

बाई बाहेर येऊन जिन्यात उभी राहिली. ऐकोन घेऊन घरी जाणे तिच्या अंगवळणी पडले होते. परंतु तळव्यास तो गारवा अजून लागोन होता. मग तिने घरचा रस्ता सोडिला आणि टेकाड चढोन सभागृही गेली. तेथील व्यवस्थापक तिचा धाकटा दीर, स्वभावे भिडस्त, साहेब दिसला की उगाच उभा राहणारा.

"भाऊजी, हॉलची किल्ली द्या," बाई म्हणाली आणि सारी हकीकत सांगितली.

"वहिनी, उद्या साहेबांचा सत्कार आहे. माझी नोकरी जाईल."

"कदाचित जाईल. पडदा मात्र नक्की जाईल."

दिराने खिशातला रुमाल चाचपला. मग म्हणाला, "हे बघा, उद्या सकाळी मी किल्ली टेबलावर ठेवून चहाला जाणार. आलो की आरडाओरडा करणार. मला करावाच लागेल."

"करा. पण चहा सावकाश घ्या."

ऐसा तह जाहला.

दुसरे दिवशी सकाळी फौज जमली. नाट्यगृहात दोर ओढणारे गडी, घर बुडाल्याने रिकामे जाहलेले शेजारी, एक लाँड्रीवाला आणि त्याच्या दोघी बहिणी. बाईने सरदारी घेतली. भिजले कापड ओढू नये, मध्ये वाकू देऊ नये, पाय घसरला तरी खांदा सोडू नये, ऐशी सक्त ताकीद देऊन गुंडाळी खांद्यावर घेतली, आणि ते लांबलचक ओझे चिखलाच्या रस्त्याने, पडक्या भिंतींच्या कडेने, टेकाड चढू लागले. वाटेत समितीचे एक सदस्य मोटारीतून जात होते, त्यांनी काच खाली करून हे काय म्हणोन पुसले. बाईने सत्काराची सजावट ऐसे सांगितले. ते संतुष्ट होऊन पुढे गेले. आपण साहेबमंडळींपैकी एकाशी धडधडीत खोटे बोललो, हे बाईच्या ध्यानी चार पावलांनी आले, आणि तिला भय वाटावयाचे ते वाटलेच नाही, याचे नवल वाटले.

सभागृही किल्ली टेबलावर होती. जमिनीवर प्लास्टिक आणि त्यावर घरोघरच्या चादरी अंथरल्या आणि गुंडाळी एकेक वेढा सोडू लागले. हा प्रसंग बाका होता. वेढा सुटताना कापड हलके कुरकुरे. पहिल्याच हाती गल्लीचे नदीकडले टोक आले, आणि तेथला रंग सुटोन शेजारच्या वेढ्याच्या पाठीस डकला होता. दोन दुकाने आणि एक जिना कायमचे गेले. बाईने ओठ चावला आणि पुढला वेढा सोडण्यास सांगितले. मग मात्र निळी कवाडे आली, टोपीवाल्याचे दुकान आले, घड्याळदुरुस्तीची पाटी आली, आणि गल्ली शेवटपर्यंत उलगडोन सभागृहभर पसरली.

इतक्यात दीर चहा घेऊन परतला. ठरल्याप्रमाणे त्याने दारातूनच आवाज चढविला, "वहिनी, हे काय चालवलंय, कोणाच्या परवानगीनं," इतके बोलला आणि थबकला. त्याने बूट काढिले. कडेकडेने चालत तो एका गच्चीपाशी गेला आणि उकिडवा बसला. गच्चीवर दोरी होती, दोरीवर चिताऱ्याने एक हिरवे लुगडे वाळत घातले होते.

"हे आमचं घर," तो हळूच म्हणाला. "लुगडं आईचं आहे, वहिनी. दादाला बोलवा ना."

बाई त्या घरी कधी नांदली नव्हती. तिचे लग्न जाहले तेव्हा तेथे राखेचा ढीग होता. सासूचे ते घर तिने सासरच्यांच्या तोंडून ऐकोन ऐकोन कंटाळा येईतो ऐकिले होते. पडदा तिने कामानिमित्त पाहिला होता, त्यावरला चिरा अन् चिरा तिला पाठ होता, परंतु हे घर ते, हे तिला कोणी दाखविले नव्हते. कारण दाखविणाऱ्यांस पडदाच दिसला नव्हता. तिने नवऱ्यास निरोप धाडिला आणि पुन्हा चादरींकडे वळली.

दुपारी खुर्च्या आणि पंखे भाड्याने देणारे खुर्चीशेठ टेम्पो घेऊन आले. त्यांनी सभागृह पाहिले, डोके खाजविले आणि खुर्च्या मांडावयास जागा दाखवा म्हणाले. बाईने जागा नाही म्हणोन सांगितले, आणि पंखे मात्र उतरवा ऐसे सांगितले. पंखे मान्यवरांकरिता आहेत, शेठ बोलले. हाच मान्यवर, बाई बोलली. शेठांचे भाडे आगाऊ पावले होते. वारा कोणास घातला याची पृच्छा करण्याचा त्यांचा रिवाज नव्हता. मग चहूकडे पंखे लागले आणि त्यांचे वारे पडद्यावरोन मंद मंद फिरू लागले.

संध्याकाळी संचालकसाहेब शाली, हार आणि मानपत्रे घेऊन समितीसह दाखल जाहले. पाहतात तो जमीन शत्रूचे ताब्यात. साहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा जाहला. त्यांनी फर्माविले की पडदा तत्काळ गुंडाळावा. गुंडाळिला तर पुन्हा उलगडणार नाही, ऐसा अर्ज बाईने केला. तेव्हा समितीने कोपऱ्यात उभ्या उभ्या खलबत केले, आणि त्या खलबतातून जे निघाले ते या हकीकतीत लिहिताना लेखणीस लाज वाटते. ठरले ऐसे की पडद्यावर प्लास्टिक अंथरावे, आणि त्या प्लास्टिकवर खुर्च्या मांडाव्या, आणि वारशाचे रक्षक वारशावरच विराजमान व्हावे. एका सदस्याने यात प्रतीकात्मक सौंदर्यही आहे ऐसे मत दिधले. खुर्चीशेठांस हुकूम सुटला. शेठ खुर्ची हाती धरोन बाईकडे पाहू लागले, दीर बाईकडे पाहू लागला, आणि निरोप पावोन आलेला तिचा नवरा गच्चीपाशी अनवाणी उभा होता तोही पाहू लागला.

त्याच वेळी दारात गलका जाहला आणि मंत्री छायाचित्रकारांसह आत आले. बाई पुढे जाहली, आणि इतक्या वर्षांत कचेरीतल्या कोणी ऐकिला नव्हता ऐशा घरच्या आवाजात बोलली.

"साहेबांनी स्वतःचा सत्कार रद्द केला. म्हणाले, हॉल पडद्याला द्या, माणसांचं नंतर बघू. असा मोठेपणा मी तरी पाहिला नाही."

संचालकसाहेबांनी तोंड उघडिले, परंतु ते उघडेच राहिले. मंत्र्यांस त्या संध्याकाळी आणखी दोन सत्कार उरकावयाचे होते. एक आयता टळला हे ध्यानी येताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी साहेबांचे दोन्ही हात हाती घेतिले आणि असा त्याग दुर्मीळ आहे म्हणाले.

"कर्तव्यच होतं ते," साहेब कसेबसे बोलले. मग छायाचित्रे निघाली. साहेब पडद्याकडे चिंतातुर मुद्रेने पाहत आहेत, ऐसेही एक निघाले. हार परत गेले, शाली परत गेल्या, आणि शेठांनी हातातली खुर्ची बाईस बसावयास दिधली.

दीर मात्र धुसफुसत होता. "सगळं श्रेय त्याला देऊन टाकलंत, वहिनी?"

"घेऊ दे. त्याला वाळवायला जागा लागत नाही," बाई म्हणाली आणि चादरी बदलू लागली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सभागृह हस्तगत जाहले, पडदा तिसरे दिवशी खडखडीत वाळला, बुरशीस शिकस्त मिळाली. आपल्याकडील पडले ते महाल, अरण्य, दोन दुकाने आणि एक जिना. संचालकसाहेबांस त्यागाबद्दल राजधानीत स्वतंत्र सत्कार पावला, आणि बाईस पंखे विनापरवाना वापरल्याबद्दल लेखी समज पावली. मग पडदा सभागृहाच्या भिंतीस उभा लाविला आणि लोक येऊन घरे ओळखू लागले. हे समितीस धोक्याचे वाटले. तिने एकमताने ठराव केला की पडदा वाळताच, पूर्वानुभव ध्यानी घेता, त्याच तळघरात सुरक्षित ठेवावा.

तेव्हा बाईने समितीपुढे उभे राहोन नम्रपणे कळविले की पडदा अजून ओला आहे. समितीने नोंद घेतली. पुढल्या वर्षी पुन्हा पुसले, तेव्हाही ओला होता. तदनंतर दोन अध्यक्ष बदलले, बाई सेवानिवृत्त जाहली, तिच्या जागी आलेल्या मुलीस तिने सर्व समजावोन दिधले, आणि ती मुलगीही दरसाल तेच कळविते. समितीपैकी कोणी आजवर येऊन पडद्यास हात लाविला नाही. पडदा अद्याप ओला आहे आणि सभागृहाच्या भिंतीवर आहे, ही गोष्ट येथे विजय म्हणोन रीतसर दाखल केली असे.