अठ्ठाविसावा तुकडा

सिहोऱ्याच्या केशवरावांनी मुलाला साफ सांगून टाकलं होतं, बहिणीचं, रुखमिणीचं लग्न उरकलं की कॉम्प्युटर बंद आणि जागेश्वर धानाच्या बांधावर. गोष्ट सत्त्याऐंशीची. तुमसरच्या क्लासात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय त्याच्या खोलीत पाऊल टाकायची सोय नव्हती. जागेश्वर तिथं शिकवायचा. पण या पेटीचा घरादाराला उपयोग काय, हे केशवरावांना काही केल्या कळत नव्हतं.

"उपयोग दाखवला तर तिथंच राहू द्यान?" जागेश्वरनं विचारलं.

"दाखव. रुखमिणीच्या लग्नाचं आवतन करून दाखव त्या पेटीवर."

आता सिहोऱ्यात आवतन देणं म्हणजे पत्रिका वाटणं नव्हे. कुणाला चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल न पेटवता सगळ्यांनी जेवायला यायचं. कुणाला घरटी एक. शिवाय कोण कुणाच्या पंगतीला बसत नाही, तेही सांभाळायचं. चुकलं की माणूस पाच-पाच वर्षं रुसून बसतो. आजवर हे सगळं चंद्रभागाआत्याच्या डोक्यात होतं. जागेश्वर वही घेऊन तिच्यापुढं बसला.

प्रोग्राम एकसंध लिहू नये, तुकड्यातुकड्यांनी लिहावा, असं तो नागपूरला शिकून आला होता. घरांचा एक तुकडा, नात्यांचा एक, रुसव्यांचा एक. नवं काही निघालं की जुन्याला हात न लावता नवा तुकडा जोडून द्यायचा. आपल्या आळीतल्या बारा घरांवर त्यानं हे करून पाहिलं आणि बाबांना तुमसरला नेऊन दाखवलं. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला. तीन पंगती, आणि कुणाचा कुणाला अडथळा नाही. केशवरावांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि जाताना चक्क कॉम्प्युटरला रामराम केला. जागेश्वरला वाटलं, जिंकलो.

मग गाव घेतलं. चारशे घरं, शिवाय करडी गावचे पाहुणे. रोज संध्याकाळी आत्या अंगणात बसून सांगायची. सुखराम श्यामरावांच्या पंगतीला बसत नाही, बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाण्यावरून झालं होतं. मधे करडीचा पाहुणा असला तर बसतो. नवा तुकडा. पाहुणा जावई असला तर मात्र नाही. आणखी एक तुकडा. आत्या रंगात येऊन साठ वर्षांचं गाव उलगडत राहायची, आणि आपण कुठल्या गावात वाढलो ते जागेश्वरला पहिल्यांदा कळत होतं. तशा संध्याकाळी पुढं त्याच्या आयुष्यात आल्या नाहीत.

तुकडे सत्तावीस झाले. प्रत्येक तुकडा दर घरामागे बाकीच्या सगळ्या तुकड्यांना विचारून मगच पुढं सरकायचा. बारा घरांत हे विचारणं चहा येईपर्यंत आटपायचं. चारशे घरं एकमेकांशी ताडायची म्हटल्यावर सकाळी बसवलेलं काम दुपारी पहिल्या आळीतच. त्यात सगळे तुकडे कॉम्प्युटरमध्ये एकदम मावेनात. एक फ्लॉपी काढ, दुसरी घाल, असं चार दिवस चाललं, काम संपत आलं आणि वीज गेली. शेवटी वेग यावा म्हणून त्यानं अठ्ठाविसावा तुकडा लिहिला. कुणी कुणाला आधी विचारायचं, ते ठरवणारा. झालं, बाकीचे सत्तावीस आता त्यालाही विचारू लागले.

आवतनाच्या दिवशी सकाळी एकदाचा कागद निघाला. केशवराव ओसरीवर वाचायला बसले. पहिली पंगत, सुखरामचं घर. दुसरी पंगत, श्यामरावांचं घर. चारशे घरं, चारशे पंगती. कुणाचंच मन दुखावणार नाही असा कॉम्प्युटरला तेवढाच एक मार्ग सापडला होता.

"म्हणजे सारे एकटेएकटेच जेवतीन?" केशवरावांनी शांतपणे विचारलं. "आन् पंगती उठतीन कवा?"

"आठ दिवसांनी," जागेश्वर खरं ते बोलला.

आत्या उठली आणि अक्षता घेऊन निघाली. जागेश्वर मान खाली घालून मागोमाग. सुखरामच्या दारात तिनं आवतन दिलं, आणि श्यामरावांना हल्ली कमी दिसतं तेव्हा पंगतीत त्यांच्याजवळच बस, असंही बजावलं. सुखरामनं बरं म्हटलं.

"आत्या, या दोघायचं तर भांडण हाय न वो?"

"होतं. मिटून बारा वर्सं झाली."

"मंग मले काहून सांगतलं?"

"तू विचारून राहिला होता न गा," आत्या पुढच्या घराकडं वळत म्हणाली. "मले इतकं कोन विचारते आता?"

जागेश्वरला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला भरून आलं, आणि तो गावभर तिच्याबरोबर हिंडला.

लग्न नऊ पंगतींत नीट पार पडलं. रुखमिणीची पाठवणी झाल्यावर जागेश्वर आपण होऊन बाबांपुढं उभा राहिला, कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरू म्हणून.

"तू तुमसरलेच राहा," केशवराव म्हणाले.

"पन बाबा, काम तर फसलं."

"म्हणूनच म्हणून राहिलो. सहा एकराचे तू तुकडे पाडशीन, आन् या बांधीचं पानी सोडाले त्या बांधीले विचारत बसशीन. तवरक धान वाळून जाईन."