टॉवेलाखालचा आकडा

तेव्हा हजर होतो ते आम्ही चौघं. मी, इथं नोकरीला असलेला माझा मुलगा सुधीर, केरळची ब्लेसी सिस्टर आणि शेजारच्या खाटेवर दाऊदभाई. ओमानमधल्या इब्राच्या हॉस्पिटलात, डायलिसिसच्या खोलीत.

मशीन सुरू झालं की दाऊदभाई मशीनच्या तोंडावर टॉवेल टाकायचा. रक्त किती स्पीडनं पळतंय तो आकडा कुणाला दिसू द्यायचा नाही. सिस्टर टॉवेल काढायची, तो परत टाकायचा. "नजर लागते, वहिनी." राजापूरचा माणूस. मस्कतजवळ रुसैलला कारखान्यांना पाण्याचा टँकर पोचवून म्हातारा झाला. मशीनलापण टँकरच समजायचा.

"माझा साडेतीनशेवर हाय. तुमचा?"

"दोनशे."

"टाकी भरायच्या आत ड्रायव्हर मरंल."

मीच दरवेळी सिस्टरला हात जोडून स्पीड उतरवायला लावायची. नवरा समुद्रात गेला, तेरावं झालं आणि मी मासळीची पाटी उचलली. तेव्हा घाबरले नाही. पण नळीतून आपलं रक्त पळताना बघवत नव्हतं.

त्या दिवशी रिपोर्ट आला. सिस्टर सुधीरला म्हणाली, "मम्मी का खून साफ नहीं होता. डॉक्टर तीनसौ लिखा, मम्मी दोसौ करवाता." असंच चाललं तर छातीत पाणी भरेल म्हणाली. सुधीरचं तोंड उतरलं.

दाऊदभाई पडल्या पडल्या बोलला, "हरलात, वहिनी. मासेवाली बाई टँकरवाल्याच्या मागं. गावात फोन करून सांगतो."

मला राग आला. "कर गं तीनशे," म्हटलं आणि डोळे मिटले. पायात गोळा आला तेवढा. सिस्टरनं चोळला, खलास. महिन्याभरात अंगाची खाज गेली, जिना चढताना दम लागेना. दाऊदभाई विचारायचा, "कितीवर?"

"तीनशे."

"अजून मागंच तुम्ही."

मग एकदा टॉवेल घसरून खाली पडला. मला अक्षर लागत नाही, आकडा लागतो. त्याच्या मशीनवर एकशे ऐंशी होता. त्याच्या हाताची शीर खराब झालेली, जास्त ओढवत नाही, सिस्टर म्हणाली. म्हणून मी चार तासांत उठायची आणि तो पाच तास पडून.

"साडेतीनशे होय?" मी विचारलं.

त्यानं टॉवेल मागून घेतला. "माझा पाइप जुना झाला, वहिनी. तुमचा चांगला हाय, तो कशाला आवळून ठेवायचा?"

शेवटच्या तासाला खोलीत तो एकटाच असायचा. "यल्ला, चल बाबा," असं मशीनशी बोलत असतो, सिस्टरनं सांगितलं. त्याला न्यायला कुणी येत नाही. आता माझं झालं तरी मी उठत नाही. सुधीर गाडीत थांबतो.

वाचणाऱ्यांनो, तुमचं माणूस मशीनवर असेल तर डॉक्टरनं लिहिलेला आकडा नुसत्या भीतीनं उतरवू नका. त्रास झाला तर सिस्टरला सांगा. आणि निघताना शेजारच्या खाटेचं मशीन अजून चालू दिसलं, तर थोडं बसा.