सही जुळत नाही

"आपण खरोखर आपणच आहात याची खात्री करा," अशी ओळ संगणकाच्या पडद्यावर उमटली आणि सहीसाहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"बघितलंस? मला विचारतोय! मी मीच आहे का म्हणून!"

"मग सांगून टाका ना एकदाचं," पलंगावर टेकून बसलेल्या बाईसाहेब म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?"

सहीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. उभी हयात त्यांनी बँकेत एका टेबलाशी काढली आणि त्या टेबलाचं काम एकच. चेकवरची सही आणि बँकेकडची नमुन्याची सही शेजारी शेजारी ठेवायची, भिंग घ्यायचं आणि शक्य तोवर म्हणायचं, "जुळत नाही." त्यांच्या हातून खोटी सही एकदाही सुटली नाही, हे खरं. खऱ्याही फारशा सुटल्या नाहीत, हेही तितकंच खरं. गावातली माणसं त्यांना सहीसाहेब म्हणू लागली, आणि मग त्यांच्या पत्नी आपोआपच बाईसाहेब झाल्या. साहेबांच्या वरचा हुद्दा हवा, म्हणून.

तर आज या साहेबांना आपली मेल उघडायची होती. कारणही तसंच होतं. बाईसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर डोळ्यांच्या दवाखान्याने ऑपरेशनची तारीख मेलवर पाठवली होती. मेलमध्ये एक बटण होतं. ते संध्याकाळी पाचच्या आत दाबलं तर तारीख पक्की. नाही दाबलं तर ती तारीख दुसऱ्याला, आणि बाईसाहेब पुन्हा रांगेच्या शेपटाला. फोनवर होकार चालणार नाही, असं दवाखान्याने बजावलं होतं. सकाळी हे ऐकून सहीसाहेब खूश झाले होते. "योग्य आहे. फोनवर काय, कोणीही बोलेल!"

आता गंमत ऐका. मेलच्या कंपनीने परवाच आपला सगळा कारभार नव्याने मांडला होता. साहेबांनी पासवर्ड घातला, तो बरोबरही ठरला, पण तेवढ्यावर भागेना. पडदा म्हणाला, आपल्या नोंदवलेल्या फोनवर सांकेतिक आकडा पाठवला आहे. साहेबांनी मोबाइल हातात घेतला. मोबाइल गप्प. एवढ्यात कोपऱ्यातला, तारेने भिंतीला बांधलेला जुना फोन खणखणला. खातं उघडलं त्या काळी घरात तेवढाच फोन होता, त्याचाच नंबर दिलेला. साहेबांनी धावत जाऊन उचलला. आतून एक बाई अगम्य भाषेत कुरकुरली आणि तिने फोन ठेवून दिला.

"कोण होतं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"मेसेज होता. त्या फोनला मेसेज वाचता येत नाही!"

"मला तरी कुठे येतंय आता," बाईसाहेब म्हणाल्या.

साहेबांनी 'दुसरा मार्ग निवडा' यावर टिचकी मारली. पडद्याने तत्परतेने कळवलं की खातं उघडण्याची लिंक आपल्या मेलवर पाठवण्यात आली आहे. साहेबांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून, पुसून, परत वाचलं.

"अगं, माझ्या मेलवर पाठवलीय. जी उघडत नाहीये म्हणून मी इथे बसलोय, तिच्यात! पेटीची किल्ली पेटीत टाकून पेटी बंद केली आणि मला म्हणतात, घ्या! अरे, आमच्या बँकेत असं केलं असतं तर..."

"तुमच्या बँकेत पेटीही दिली नसती कोणी. बघा पुढे काय म्हणतोय."

पुढे चित्रं आली. आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी सायकली असलेले सगळे चौकोन निवडायचे होते. कोणीही माणूस चार टिचक्या मारून मोकळा झाला असता. पण इथे बसला होता तो भिंगातून फराटे मोजलेला माणूस. एका चौकोनात सायकलच्या हँडलचं फक्त टोक आलं होतं.

"हँडलच्या टोकाला सायकल म्हणायचं का?" साहेबांनी गंभीरपणे विचारलं.

"म्हणा हो! पाच वाजतील!"

"वाटेल ते कसं म्हणू? सायकल म्हणजे पूर्ण सायकल." साहेबांनी तो चौकोन सोडला. मग पुढच्या चित्रांत दिव्याच्या खांबाला दिवा मानायला नकार दिला, आणि त्यापुढे पुलाच्या सावलीला पूल. यंत्राने तिन्ही वेळा ठरवलं की समोर यंत्रच बसलं आहे. सुरक्षेच्या कारणास्तव खातं बंद करण्यात आलं. ओळख पटवण्यासाठी जवळच्या सेवा केंद्रात समक्ष यावं, अशी विनंती होती.

"समक्ष येतो ना!" साहेब गरजले. "आता समक्षच दाखवतो, मी कोण आहे ते!"

बाईसाहेबांनी पायांत चपला सरकवल्या आणि त्यांच्या दंडाला धरलं. धुरकट डोळ्यांनी त्या हल्ली अशाच चालत. साहेबांचा पारा जितका वर, तितका दंड घट्ट, आणि तितकं चालणं सोपं, असा त्यांचा अनुभव होता. आज त्या जवळजवळ पळतच गेल्या.

सेवा केंद्रात रांग होती. मेलचा नवा कारभार बऱ्याच जणांना भोवलेला दिसत होता. काउंटरवर एक हसऱ्या तोंडाची मुलगी बसली होती. या दोघांचा नंबर लागेतो भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"बोला काका."

"मी मी आहे," साहेब म्हणाले. "तेवढं तुमच्या यंत्राला कळवा."

मुलीने ओळखपत्र घेतलं आणि त्यांना छोट्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "सरळ बघा काका. आणि हसू नका हं."

सहीसाहेबांना हसू नका असं सांगावंसं आजवर कोणाला वाटलं नव्हतं. बाईसाहेबांना मात्र हसू आवरेना. यंत्राने क्षणभर विचार केला आणि तांबडी फुली दाखवली.

"चेहरा जुळत नाही म्हणतंय," मुलगी ओशाळून म्हणाली. "फोटोत तुम्हाला मिशा आहेत ना काका."

"त्या मी निवृत्त झालो तेव्हा काढल्या. मिशा काढल्या, माणूस तोच आहे!"

"मला कळतंय हो. बरं थांबा, खातं उघडताना तुम्ही इथे सही केली होती. ती जुळली तरी चालतं. इथे करा."

सहीसाहेबांच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा समाधान पसरलं. अखेर गाडी त्यांच्या मुलखात आली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या, पेन झटकलं आणि सही केली. मुलीने जुनी सही पडद्यावर आणली, नवी तिच्या शेजारी ठेवली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, एकदा रांगेकडे.

"चालेल काका. मी जुळते असं टाकते."

"थांबा," साहेब म्हणाले.

खिशातून भिंग निघालं. साहेब काउंटरवर वाकले. पहिल्या अक्षराची गाठ बघितली, मधला उतार बघितला. शेवटची रेघ जुन्या सहीत सुरीसारखी सरळ गेली होती, आणि आजच्या सहीत पाण्यावर काढल्यासारखी थरथरत होती. साहेब सावकाश उभे राहिले.

"जुळत नाही," ते म्हणाले.

"अहो काका, वयाने हात थोडा..."

"वयाचं कारण चालत नाही! तुम्ही ही सही पास कशी करता? उद्या कोणी भामटा येईल, हात थरथरवेल आणि माझी मेल घेऊन जाईल! काही जबाबदारी आहे की नाही तुम्हाला?"

"पण भामटा नाही, तुम्हीच आला आहात!"

"ते तुम्हाला काय ठाऊक?"

मुलीने निमूटपणे यंत्रात 'जुळत नाही' नोंदवलं. ती नोंद होताना टिंग असा आवाज ऐकू आला, आणि मग कुठे साहेबांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. त्यांनी बाजूला पाहिलं. बाईसाहेबांनी त्यांचा दंड सोडला होता.

"झालं समाधान?" त्या हळूच म्हणाल्या. हळू बोलल्या म्हणूनच ते जास्त लागलं. "जन्मभर दुनियेला परत पाठवलंत. आज स्वतःलाही पाठवलंत. आणि बरोबर मला. अहो, प्रत्यक्ष देवाच्या दारात उभं राहिलं तरी तो विचारत नाही, की तूच का तो, सही दाखव. तुम्ही त्याच्याही वरचढ!"

सहीसाहेब पुन्हा काउंटरकडे वळले.

मुलीलाच दया आली. "अजून एक मार्ग आहे. दोन साक्षीदार हवेत, आमच्याकडे खातं असलेले."

"मी आहे ना!" बाईसाहेब पुढे सरल्या.

"काकू, तुम्ही यांना नीट ओळखता?"

"दिसत नाहीत मला. समोर नुसतं धुकं आहे. पण एवढं भांडणारं धुकं जगात एकच."

मुलीने ओठ दाबले. "काकू, नात्यातलं माणूस चालत नाही. मित्रही नको. ज्याला यांच्याविषयी काही आपुलकी नाही, असं कोणी हवं."

"असं होय," बाईसाहेब म्हणाल्या, आणि रांगेकडे तोंड करून खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "अहो, बँकेतल्या सहीसाहेबांवर राग असलेलं इथे कोणी आहे का?"

रांगेत एकदम खळबळ उडाली.

"सहीसाहेब? हे? तरी म्हटलं आवाज ओळखीचा!" चपलांच्या दुकानाची मालकीण तरातरा पुढे आली. "माझा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने सही केली, तर हा माणूस म्हणाला, हाड जुळलं की या, मग सही जुळेल! मिशा काढल्या म्हणून काय झालं? हे नाक मी विसरेन होय?"

"आणि मी!" मागून घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी ओरडले. "हे माझ्या पाठीमागे उभे राहून म्हणायचे, मन लावून करा. मन लावून! मी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो, आणि सही करताना माझा हात कापायला लागला यांच्यापायी! झोपेतही ओळखीन यांना!"

"मीसुद्धा आहे," आणखी कोणीतरी हात वर केला. "मला तर माझ्याच लग्नाच्या दिवशी परत पाठवलं होतं."

"दोनच पुरेत," मुलगी घाईने म्हणाली. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. "दोघांनी या काचेवर बोटाने सही करा. तुमच्या जुन्या सहीशी ताडून बघेल."

घड्याळजींची सही पहिल्या फटक्यात जुळली. बारीक, घोटीव, मन लावून केलेली. मालकीणबाई मात्र संतापाने फुलल्या होत्या. त्यांनी काचेवर बोट असं काही फिरवलं की शेवटचा फराटा काचेबाहेर, थेट टेबलावर गेला. यंत्र घुटमळलं. पडद्यावर पिवळं चिन्ह आलं. 'शंकास्पद. निर्णय कर्मचाऱ्याने घ्यावा.'

मुलीने जुनी सही बघितली, नवी बघितली, आणि तिचा धीर सुटला. मघाशी एकदा ती बोलणी खाऊन बसली होती. "काका," ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. जुळते का?"

सहीसाहेबांनी भिंग काढलं. जुनी सही गोल, नीटस, एखाद्या शाळकरी मुलीची असावी तशी. नवी म्हणजे वादळात सापडलेला दोर. त्यांचे ओठ हलले. इतक्या वर्षांची सवय जिभेच्या टोकाशी येऊन उभी राहिली. शेजारी बाईसाहेब त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या अंमळ डावीकडे, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत उभ्या होत्या. पंख्यालाच नवरा समजून त्यांनी त्याच्यावर डोळे रोखले होते.

सहीसाहेबांनी भिंग खिशात टाकलं.

"जुळते," ते म्हणाले.

"काय?" मालकीणबाई किंचाळल्या. "काय म्हणालात? जुळते? अहो, माझी मलाच ओळखू येत नाहीये ती! खोटं बोलता? माझ्या प्लास्टरच्या वेळी कुठे गेला होता हा उदारपणा? अगं पोरी, नाही जुळत ती! मी सांगते ना!"

"काकांनी सांगितलं, जुळते," मुलगी म्हणाली आणि तिने बटण दाबलं. खातं उघडलं. साहेबांनी तिथल्याच पडद्यावर दवाखान्याची मेल शोधली, बाईसाहेबांचं बोट हातात घेऊन बटणावर ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं. 'तारीख निश्चित झाली आहे.' पाचाला थोडा अवकाश होता.

केंद्राबाहेर पडल्यावरही मालकीणबाईंचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. त्या आता लेखी तक्रार करणार होत्या, आपली सही पास झाल्याबद्दल. घड्याळजी त्यांना साक्षीदार म्हणून हवे होते.

बाईसाहेबांनी पुन्हा दंड धरला होता. दोघं कोपऱ्यापर्यंत आली.

"अहो, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तिची सही खरंच जुळत होती?"

सहीसाहेब खाकरले. "उजेड कमी होता तिथे. मला नीटसं दिसलं नाही."

"भिंगातून?"

"भिंगातून."

"अगंबाई," बाईसाहेब थांबल्या आणि त्यांनी साहेबांच्या दंडावर हलकेच थोपटलं. "मग डॉक्टरांना सांगू या, एक नाही, दोन पेशंट आहेत म्हणून. तुमचे डोळे तपासायला जरा उशीरच झाला."