तक्रार क्रमांक एकोणचाळीस

"ग्राहक हा राजा आहे, आणि कोणता चॅनल पाहायचा हे राजाच ठरवणार!" चिंतामणरावांनी घोषणा केली. ती ऐकायला स्वयंपाकघरातलं सिलिंडर होतं आणि भिंतीवरच्या फोटोत त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई होत्या. दोघांनीही हरकत घेतली नाही, तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला.

चिंतामणराव सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी रेवती पुण्यात. तिचा फोन रविवारी यायचा, तोही भाजी फोडणीला टाकता टाकता. बाकीचे सहा दिवस धामणगाव बढे या गावातलं ते घर इतकं शांत असे, की फ्रिज चालू झाला तरी चिंतामणराव "कोण?" म्हणून विचारत.

त्यांना आधार सापडला तो केबलच्या पावतीमागे छापलेल्या बारीक अक्षरांत. चॅनल निवडण्याचा हक्क ग्राहकाचा, आणि तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत तिचं निवारण झालंच पाहिजे. सरकारी नियम! आयुष्यभर त्यांनी नियम दुसऱ्यांना दाखवले होते. त्यांच्या बाजूने निघालेला हा पहिलाच.

मग सोमवारी एक तमिळ चॅनल बंद करायचा अर्ज, गुरुवारी तोच सुरू करायचा. मधल्या दिवसांत किरकोळ तक्रारी: बातम्यांतली बाई हिरवट दिसते, हवामानवाला आपल्याकडे न बघता बोलतो. प्रत्येक वेळी केबलवाला गोविंदा मोटरसायकलवर यायचा, गच्चीवर चढायचा, वायर हलवायचा आणि खाली येऊन चहा पिता पिता कोणाची म्हैस व्याली ते सांगायचा. म्हशीचं प्रकरण साधारण अर्धा तास चालायचं.

एक दिवस गोविंदाने फोनवरच सांगून टाकलं, "काका, आता घरी यायचं काम नाई राह्यलं. नवीन मशीन आली. तुमी फोन करा, मी इथूनच बटन दाबतो."

"अन् गच्चीवर कोन चढीन?"

"गच्चीवर काईच नाई काका. मी आतापावतर उगाच चढत होतो. तुमाले बरं वाटे म्हनून."

चिंतामणरावांनी त्याच दुपारी अर्ज लिहिला. विषय: केबल ऑपरेटरने प्रत्यक्ष सेवा नाकारल्याबाबत. एक प्रत बुलढाण्याला, एक मुंबईला, एक दिल्लीला. असे अर्ज कोणी वाचत नाही, हे कचेरीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घोटाळा एवढाच झाला, की दिल्लीने वाचला.

दिल्लीने मुंबईला विचारलं, मुंबईने बुलढाण्याला: काय कार्यवाही केली? बुलढाण्याने काहीच केली नव्हती, म्हणून ती अतिशय तातडीने केली. बुधवारी दारात जीप उभी राहिली. तपासणी अधिकारी शंतनु साहेब, एक मोजायचं यंत्र, पंच म्हणून शेजारचे जानराव, आणि सगळ्यांच्या मागे घामाघूम गोविंदा.

साहेबांनी यंत्र लावलं. सगळे चॅनल स्वच्छ. बातम्यांतली बाई गोरीपान.

"चित्र तर उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण या ऑपरेटरवर एकोणचाळीस तक्रारी आहेत. शेवटची गंभीर आहे. सिद्ध झाली तर नोंदणी रद्द होईल."

"साहेब, पोट हाये माझं त्याच्यावर," गोविंदाचा आवाज चिरकला. "काका, सांगा ना काईतरी!"

चिंतामणरावांनी खाली पाहिलं. नोंदणी गेली की गोविंदा गेला. मग फोनवरून बटन दाबायलाही कोणी उरणार नव्हतं.

"टीव्ही चांगला हाये साहेब. त्याची तक्रार नाई."

"म्हणजे तुम्ही खोटी तक्रार केलीत?"

"तक्रार खरी हाये. टीव्हीची नाई, एवढंच."

"मग कशाची?"

चिंतामणरावांनी चष्मा काढून पुसला. "चहाले बोलावलं त लोक म्हनते, पाहू. तक्रार केली त यावंच लागते. नियम हाये."

जानराव शेजारीच राहत होते; ते छताकडे पाहू लागले. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. सरकारी फॉर्मात या दुखण्याला रकाना नव्हता. शेवटी त्यांनी 'निवारण' या शब्दापुढे लिहिलं: ऑपरेटरने दर गुरुवारी ग्राहकाकडे प्रत्यक्ष यावे व किमान अर्धा तास थांबावे.

चिंतामणरावांनी सही केली.

"तुला मंजूर?" साहेबांनी गोविंदाला विचारलं.

"मंजूर साहेब." पेन हातात घेऊन तो अडला. "पन खाली एक ओळ टाकता काय?"

"कसली ओळ?"

"काकाले शुगर हाये, मले नाई. माझ्या कपात साखर टाकत जा म्हना."