प्रकरण सेंट युफेमियासमोरच्या घराचे

रविकांत टिपणीस हे एटोबिकोतले सर्वांत तल्लख डोके होते, असे स्वतः रविकांत टिपणिसांचे मत होते. दुसऱ्या कुणाचे मत त्यांनी कधी विचारले नाही. साक्षीदारांवर दबाव आणणे त्यांच्या तत्त्वात बसत नसे. पोटासाठी ते कंपनीत सॉफ्टवेअर तपासत. पण दुसऱ्याच्या चुका शोधून पगार घेणाऱ्याला गुप्तहेर नाही तर काय म्हणायचे?

दोन हजार नऊच्या थंडीत हाती आलेले प्रकरण मात्र घरचेच होते. परदेशातली रेजिना, वॉटर्लू ही शहरे आणि आता एटोबिकोतले भाड्याचे बेसमेंट, अशा फिरतीत तीन वर्षांत आठ वर्षांच्या ऊर्मीच्या तीन शाळा झाल्या होत्या. पोरीने कुठे रुळावे, तोच गाशा गुंडाळायची वेळ येई. यंदा रश्मीने नवऱ्याला निक्षून सांगितले होते, "घर घ्यायचं ते शाळा बघून. बदलायचीच तर तिची शाळा आता शेवटची बदलायची. पुन्हा नाही."

रविकांतांनी एकशे चौदा शाळांची एक्सेल शीट मांडली. पहिली आली सेंट युफेमिया, आणि तिच्या समोरच एक टुमदार घर विकायला होते! फक्त एक गोष्ट खटकत होती. मराठी मंडळातले सगळे पुणेकर-नागपूरकर घरासाठी वणवण करत होते, पण त्या शाळेकडे एकही फिरकला नव्हता.

"काहीतरी काळंबेरं आहे," रविकांत म्हणाले.

आधी त्यांनी विमानांवर संशय घेतला आणि घड्याळ लावून विमाने मोजली. पण विमानतळाला लागूनच असलेल्या एटोबिकोत विमाने सगळ्यांच्याच डोक्यावरून जातात. मग बेसमेंटमध्ये पाणी येत असणार म्हणून घर बघायला सगळ्यांना खुले असते त्या ओपन हाउसमध्ये भिंतींचा वास घेत फिरले. शेवटी एजंटबाईंनी, "वॉशरूम वरती आहे," असे इंग्रजीत हळूच सुचवले. तिसरा सिद्धान्त असा, की पुणेकरांनी ही शाळा मुद्दाम दडवून ठेवली आहे. त्याला पुरावाच लागत नव्हता, त्यामुळे मूळच्या नागपूरकर रविकांतांना तो फार आवडला.

उणे पंधरात काळा चष्मा लावून ते शाळेसमोर गाडीत पाळतीवर बसले. त्यांच्याच श्वासाने काचा धुरकटल्या. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या आजींनी काच ठोठावली, "सर, आर यू ओके?" तरीही मिळालेली माहिती मोलाची होती. वहीत नोंद झाली: 'युनिफॉर्म आहे, म्हणजे शिस्त. भिंतीवर क्रूस आहे, म्हणजे कॉन्व्हेंट. म्हणजे इंग्रजी चांगले असणार.' रविकांत स्वतः नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते. तिथे अर्धा वर्ग संकष्टीला साबुदाण्याचा डबा आणायचा.

शनिवारी पाचला घराच्या ऑफरवर सही करायची होती. त्याआधी ते सहकुटुंब व्हॅलेरियनकडे चहाला गेले. व्हॅलेरियन त्यांच्या ऑफिसातला, मूळचा वसईचा, आणि राहायला त्याच रस्त्यावर.

"शेजार मिळाला तर बरंच की," व्हॅलेरियनची बायको युनिस म्हणाली. "पण रवीभाऊ, ऊर्मीला घालणार कुठे?"

"कुठे म्हणजे? सेंट युफेमियात!"

युनिसने किटली खाली ठेवली. "तिचा बाप्तिस्मा झालाय?"

"बारसं झालंय," रविकांत म्हणाले.

"अहो, ही कॅथलिक बोर्डाची शाळा. आईबापांपैकी एक तरी कॅथलिक लागतो. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटसारखं नाही इथे."

"रवी, दारात मेरीमातेचा एवढा मोठा पुतळा आहे रे," व्हॅलेरियन म्हणाला.

"तो मी नोंदवलाय," रविकांत ताठ मानेने म्हणाले.

"एक फोन," रश्मी म्हणाली. "शाळेला एक फोन केला असतास तर, रवी!"

जिन्यावर व्हॅलेरियनच्या मुलीशी, डिम्पलशी खेळणारी ऊर्मी धावत आली. "सो वी आर नॉट मूव्हिंग हिअर? कॅन आय स्टे इन माय स्कूल? प्लीज?"

"तुला आवडते ती शाळा?" रविकांतांनी विचारले.

"आय लव्ह इट! बट यू नेव्हर आस्क्ड."

तिचा चेहरा असा उजळला, की रविकांतांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तिच्या आताच्या शाळेजवळ दोन टाउनहाउस विकायला आहेत," रश्मी म्हणाली. "महिनाभर सांगतेय मी. तुझं लक्ष असेल तर ना!"

रविकांतांनी तातडीने लॅपटॉप उघडला. एकशे चौदा ओळी वरून खाली पाहिल्या, मग खालून वर. मग घसा खाकरून, आवाज होईल तितका सहज ठेवत त्यांनी विचारले,

"ऊर्मी, तुझ्या शाळेचं नाव काय गं?"