तिसऱ्या भागाची कड

सोमवार, २४ फेब्रुवारी २००३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ‘सहा वज्रवीर, भाग तिसरा’ हे पुस्तक कळमनुरीत महेबूबच्या वाचनालयात परत आलं. ते दोन वर्षं आठ महिने बाहेर होतं.

आणून दिलं ते एसटीचे कंडक्टर फुलसिंग यांनी. हिंगोलीच्या स्टँडवर कुणीतरी खिडकीतून ते त्यांच्या हातात दिलं आणि आतल्या शिक्क्यावरचा पत्ता दाखवला, एवढंच त्यांना सांगता आलं. पुढे तीनदा विचारल्यावर त्यांनी तीन वर्णनं दिली. पहिल्यात देणाऱ्याला मिशी होती, दुसऱ्यात नव्हती, तिसऱ्यात ती म्हातारी बाई होती.

महेबूब कॉमिक्सचे दहा-दहा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधत असे आणि शेवटी कोरी पानं जोडत असे. आतल्या शिक्क्याखाली नियम लिहिलेला असे: ‘अभिप्राय लिहिल्याशिवाय पुस्तक परत घेतले जाणार नाही. अभिप्राय मधे, गाव व तारीख कडेला.’ वाचनालय निम्मं या पानांवर चाले. पोरं गोष्टीपेक्षा एकमेकांची मतं वाचायला पुस्तकं नेत आणि त्याच पानांवर भांडत.

परत आलेल्या भागाच्या कडा तेलकट होत्या, कोपरे दुमडले होते. असं पुस्तक फळीवर ठेवणं महेबूबला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं ते बांधणीच्या शिकंज्यात आवळलं आणि सुरीनं तिन्ही बाजूंनी बोटभर कापून सारखं केलं. अभिप्राय त्यानं पाहिले नाहीत. ते काम त्याच्या बायकोचं, खतीजाबीचं. दुपारी तो खळ लावी आणि ती मोठ्यानं वाचून दाखवी.

त्या दिवशी बाजार होता. कागदाच्या कात्रणांची टोपली नेहमीप्रमाणे समोरच्या पद्माबाईकडे गेली. पद्माबाई बांगड्या विकत असे. डब्यात बांगड्या फुटू नयेत म्हणून ती मूठ-मूठ कात्रणं घालून द्यायची.

सव्वाबाराला खतीजाबी वाचता वाचता थांबली.

“अलमास के अब्बा, ये ग्यानोबाभाऊ के बंटी ने दो बार लिख्या.”

“दो बार कैसा? एक पुस्तक को एकच अभिप्राय. रूल है.”

“पहला जाने के पहले का. ये दूसरा तीन जनों के बाद का है.”

“किधर से लिख्या?”

खतीजाबीनं पान त्याच्यापुढं धरलं. कड सरळ होती, स्वच्छ होती आणि कोरी होती.

बंटी हा ग्यानोबाचा मुलगा. जून २०००मध्ये तो दहावीला गणितात नापास झाला. निकालाच्या दिवशी तो हेच पुस्तक वाचत बसलेला दिसला, तेव्हा ग्यानोबा म्हणाला, “जा मंग तुह्या त्या सहा जनाकडं. ते घालतील खायला.” दुसऱ्या दिवशी बंटी घर सोडून गेला. पुस्तकही गेलं. त्यानंतर ग्यानोबाची बायको करुणा नवऱ्याशी सगळ्या विषयांवर बोलत असे, हा एक सोडून.

ग्यानोबा गावातल्या एका शाळेत शिपाई होता. महेबूब पोचला तेव्हा तो मधल्या सुट्टीची घंटा द्यायला उभा होता. त्यानं ऐकून घेतलं आणि घंटा दिली, पण ती शाळा सुटल्याची दिली. साडेबाराला सगळी शाळा घरी गेली. मुख्याध्यापकांनी खुलासा मागणारी नोटीस लगेच लिहिली, पण ती बजावायला शिपाई नव्हता.

वाचनालयात खतीजाबीनं त्याला सगळं वाचून दाखवलं. बंटीचा पहिला अभिप्राय असा होता: ‘सहा वीरांत सैपाक कोण करतं ते कुठंच दाखवलं नाही. बाकी एक नंबर.’ त्याच्याखाली कुणा आचाऱ्यानं लिहिलं होतं, ‘वरच्या पोराचं खरं आहे. सहाही जण उपाशी लढतात.’ मग हिंदीत, ‘भारवीर को टीम से निकालो, बाकी ठीक.’ मग एका बाईनं, ‘लेकरांसाठी घेतलं, मीच वाचलं. सगळ्यांना एकेक आई द्यावी.’ त्यानंतर पुन्हा बंटी: ‘दुसऱ्यांदा वाचलं. बाकी पाच जण उडत जातात, भारवीर सामान घेऊन मागून चालत येतो. आधी मला तो येडा वाटला होता.’

ग्यानोबानं विचारलं, भारवीर कोण. महेबूबनं चित्र दाखवलं. ग्यानोबा ते बराच वेळ बघत राहिला. कडेची कात्रणं पद्माबाईकडे गेल्याचं कळताच त्यानं पुस्तक काखेत मारलं आणि तो बाजारात गेला.

पद्माबाईनं तोवर चौदा डबे विकले होते. ग्यानोबानं समोरून जाणाऱ्या पहिल्याच बाईच्या पिशवीतला डबा काढून उघडला. दुसऱ्या बाईच्या डब्याला हात घालताच तिच्या नवऱ्यानं त्याच्या सदऱ्याची गच्ची धरली. माणसं जमली. चोर सापडल्याची बातमी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चोर तीन झाले होते.

पद्माबाई पाटीवरून उठली.

“सोडा त्याला. त्याचं पोरगं हाय त्या कागदात.”

हे कुणाला कळलं नाही, पण गच्ची सुटली. महेबूबनं धापा टाकत उलगडा केला. मग बायका स्वतःच खाली बसून डबे उघडू लागल्या. या घाईत सात बांगड्या वाढवल्या. फुटल्या असं कुणी म्हटलं नाही. ज्याला वाचता येत होतं तो कात्रणं वाचत होता. गच्ची धरणारा माणूस सगळ्यांत जोरात वाचत होता. भलत्याच पुस्तकांच्या कडा निघत होत्या: वारंगा, आखाडा बाळापूर, पुन्हा वारंगा.

चार वाजता हवी ती पट्टी सापडली. पुस्तकाला लावून पाहिली, बरोबर बसली. बंटीच्या पहिल्या अभिप्रायापुढे कळमनुरी होतं. आचाऱ्यापुढे नांदेड. हिंदीवाल्यापुढे पूर्णा. तिथे पट्टी फाटली होती. मूठ भरताना पद्माबाईनं ती अर्धी केली असणार.

तेरा डबे उघडून झाले होते. चौदावा हट्ट्याच्या सोजराबाईचा. ती कळमनुरीला बहिणीकडे आली होती, लेकीच्या डोहाळजेवणासाठी तिनं हिरव्या बांगड्या घेतल्या आणि तीनच्या गाडीनं गेली. पद्माबाईला तिचं नाव, गाव आणि मनगटाचं माप पाठ होतं.

मंगळवारी पहाटे ग्यानोबा पुस्तक घेऊन हट्ट्याला गेला. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाशेजारच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला. सोजराबाईच्या घराला कुलूप होतं. सोमवारी ती घरी टेकते न टेकते तोच भाऊ गेल्याचा निरोप आला आणि ती तशीच सेलूला गेली. किल्ली तिच्या कमरेला. दहाव्याच्या आधी ती येईल असं शेजारच्या रुख्मिणीबाईला वाटत नव्हतं.

महेबूबनं कुलूप तोडण्याबद्दल विचारलं. गावातले दोघे तयार होते, पण ग्यानोबानं नको म्हटलं होतं. मयतीला गेलेल्या बाईचं घर फोडायचं नसतं.

“डबा दिसून राहिलाय खिडकीतून,” तो म्हणाला. “फळीवर हाय. कागूद जरा बाहेर आलाय.”

“त्याच्यावर काय लिवलंय?”

“अक्षर त्याचंच वाटतंय. पन लांब हाय, महेबूबभाई. चष्मा घरीच राहिला.”

महेबूबनं हे करुणाबाईला जाऊन सांगितलं.

बुधवारी सकाळी सातच्या गाडीनं करुणाबाई चष्मा घेऊन हट्ट्याकडे निघाली. गाडी फुलसिंग यांची होती. त्यांनी तिला पुढची जागा दिली. ती पोचली का, हे दुपारपर्यंत कळलेलं नव्हतं.