पत्रे बांधून ठेवणे

संकट कधीही अकस्मात येत नाही. ते आधी कळवून येते, आणि ज्याला कळवले त्याने ते योग्य फायलीत लावले की नाही, यावर समाजाची प्रगती मोजली जाते. या कसोटीवर सुकापूर येथील गगनछाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित ('मर्यादित' हा शब्द कायद्याने नावात घालावा लागतो, सभासदांनी तो आपणहून सुचवला नसता) ही पनवेल परिसरातील अत्यंत प्रगत संस्था मानावी लागेल.

मे महिना अर्धा सरला की या भागात दुपारनंतर ढग जमतात, वारा सुटतो आणि वीज जाते. सत्तावीस सदनिकांच्या दृष्टीने वीज जाणे म्हणजे पंखा थांबणे होय. अठ्ठाविसाव्या, म्हणजे चौथ्या मजल्यावरील ४०२ क्रमांकाच्या सदनिकेत मात्र त्याचा अर्थ निराळा होतो. तेथे बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले प्रभाकरराव राहतात. त्यांचा श्वास ऑक्सिजनच्या यंत्रावर चालतो, यंत्र विजेवर चालते, आणि वीज ज्या वायरीतून इमारतीत येते ती वायर गच्चीच्या कडेखालून जाते. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी सात वर्षांपूर्वी एक तात्पुरती शेड घातलेली आहे. तिच्या चौदा पत्र्यांचे हुक गंजले आहेत. जोराचा वारा आला तर पत्रा उडेल, उडालेला पत्रा वायरीवर पडेल, वायर तुटली तर यंत्र थांबेल, आणि त्यानंतर घरातल्या छोट्या सिलिंडरवर प्रभाकररावांना चाळीस मिनिटे मिळतील. ही अनुमानाची साखळी मोठमोठ्या पंडितांना चकवेल अशी आहे. प्रभाकररावांच्या पत्नी रमाताई तर्कशास्त्र शिकलेल्या नसल्यामुळे त्यांना ती लगेच समजली.

त्यांनी समितीला पत्र लिहिले. पहिले पत्र तीन पानी होते. त्यात शेड, हुक, वायर व यजमान यांचा सविस्तर उल्लेख होता. समितीने त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारला. दोन वर्षांत अशी चाळीस पत्रे गेली, चाळीस नोंदी झाल्या. एकाच गोष्टीविषयी इतक्या वेळा लिहिल्यावर माणूस थोडक्यात लिहू लागतो. एक्केचाळिसावे पत्र दोन वाक्यांचे होते: 'पत्रे फार सैल झाले आहेत. वादळाआधी घट्ट बांधून घ्यावेत.'

येथे सचिव निनादराव यांचा परिचय आवश्यक आहे. ते मूळचे पुण्याचे असून शुद्ध मराठीबद्दल त्यांना जी तळमळ आहे ती माणसांबद्दल असती तर ते संत ठरले असते. आवक पत्रे ते लाल पेन हाती घेऊनच वाचतात. एक्केचाळिसाव्या पत्रात त्यांना ढळढळीत लिंगदोष आढळला. पत्र हे नपुंसकलिंगी. अनेकवचनी पत्रे सैल 'झाली' असतात, 'झाले' नसतात. ती बांधून 'घ्यावीत', 'घ्यावेत' नव्हे. त्यांनी दोन्ही दुरुस्त्या केल्या आणि मग, निःपक्षपाती वृत्तीने, तक्रारीत तथ्य आहे का ते तपासले. तथ्य होते. फायलीची दोरी खरोखरच सैल झाली होती. दोन पत्रे तर टेबलाखाली सापडली.

पुढच्याच बैठकीत 'वादळपूर्व सज्जता' हा विषय घेण्यात आला. अध्यक्ष भगवानशेठ (ज्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर ही इमारत उभी आहे, आणि जे त्यामुळे तिच्याकडे अजूनही पीक म्हणून पाहतात) यांनी एकच वाक्य उच्चारले: "पत्रे पयले बांधून घ्या, बाकी मंग बघू." इतिवृत्तात त्याचे पुढीलप्रमाणे संस्करण झाले: 'सर्व पत्रे घट्ट बांधून सुरक्षित जागी ठेवणे. सर्वानुमते मंजूर.' याखेरीज समितीने मेणबत्त्या घेतल्या (काड्यापेटी हा स्वतंत्र विषय असल्याने पुढील बैठकीत). 'वादळापासून सावधान' असा वीस फुटी फलक समितीच्या नऊ छायाचित्रांसह फाटकावर लावला. त्यात वादळाचा मजकूर उरलेल्या जागेत बसवण्यात आला. आणि वादळानंतर छापखान्यात गर्दी होते, या अनुभवावरून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा एक मोठा फलक, नावाची जागा कोरी ठेवून, आगाऊ छापून घेतला. दूरदृष्टी ती हीच.

पत्रांची बांधणी पनवेलातल्या एका जुन्या बाइंडरकडून झाली. कापडी पुठ्ठ्याचे तीन खंड तयार झाले, त्यांच्या दोऱ्यांवर लाखेचे शिक्के बसले आणि ते कार्यालयाच्या लोखंडी कपाटात विराजमान झाले. एक तपशील नोंदवला पाहिजे. हुक किती गंजले ते पाहण्यासाठी रमाताईंनी एकदा गच्चीची किल्ली मागून घेतली होती आणि पाकिटात घालून परत केली होती. पाकिटावर आवक क्रमांक पडल्याने किल्ली हेही पत्र झाले. ती दुसऱ्या खंडात बांधली गेली.

वादळाच्या दिवशी दुपारी एक वाजता सर्वांच्या मोबाइलवर इशारा आला: तीन तासांत मेघगर्जनेसह ताशी साठ किलोमीटर वेगाने वारे. चार वाजता भगवानशेठ कार्यालयात आले.

"सेक्रेटरी, पत्रे बांधले ना?"

"बांधली," निनादरावांनी सौम्यपणे दुरुस्ती केली. "कापडी बांधणी. तीन खंड."

"पत्र्यांना कापड?"

निनादरावांनी कपाट उघडून दाखवले. भगवानशेठांनी एका खंडाचा पुठ्ठा बोटाने वाजवून पाहिला.

"अहो, हे कागद हायेत. मी वरचे पत्रे बोललो. डोक्यावरचे."

"इतिवृत्तात तसा उल्लेख नाही, शेठ. आणि इतिवृत्त कायम झालंय. खाली आपलीच सही आहे."

"मी वाचून सही करतो असं कोन बोलला तुमाला? किल्ली द्या, मीच चढतो."

"किल्ली दुसऱ्या खंडात आहे."

"मंग फाडा तो."

"शिक्का आहे, शेठ."

शिक्का तोडणे किंवा गच्चीचे कुलूप तोडणे यांसाठी विशेष सभा लागते, आणि विशेष सभेस पाच दिवसांची पूर्वसूचना लागते. वादळाने केवळ तीन तासांची दिली होती. म्हणजे काटेकोरपणे पाहता वादळच उपविधीबाह्य होते, आणि निनादरावांनी तसे टिपणही तयार केले. ते कोणास पाठवावे हे न ठरल्याने त्यांनी ते फायलीत लावले. भगवानशेठ आपल्या मोटारीतला हातोडा आणायला गेले.

ते परतत असतानाच चार वाजून वीस मिनिटांनी वारा आला. तो अकरा मिनिटे होता. या अवधीत समितीची नऊ छायाचित्रे पळस्प्याच्या दिशेने उडाली आणि चौदांपैकी पाच पत्रे गेले. त्यांतला एक रमाताईंनी दोन वर्षांपूर्वी तीन पानांत वर्णिलेल्या मार्गानेच वायरीवर पडला. वीज गेली. लिफ्ट थांबली. ४०२ मध्ये यंत्राने एक बारीक शिट्टी वाजवली आणि तेही थांबले. रमाताईंनी नळी काढून सिलिंडरला जोडली आणि घड्याळात पाहिले.

अशा वेळी माणसे धावतात. ही त्यांची जुनी, अलिखित व म्हणून अनधिकृत पद्धत आहे. रखवालदार काशिराम कार्यालयातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर निघाला. मागे हातोडा टाकून भगवानशेठ. प्रभाकररावांना खुर्चीत बसवले तेव्हा दारात निनादराव उभे होते.

"खुर्चीवर संस्थेचं नाव आहे," ते म्हणाले. "आवाराबाहेर जाणार असेल तर रजिस्टरमध्ये—"

"खुर्ची सोडवत नाय ना तुमाला?" भगवानशेठ म्हणाले. "मंग धरा तिचा पाय."

निनादरावांनी पाय धरला. संस्थेच्या इतिहासात सचिवाने काहीतरी उचलल्याची ही पहिली नोंद असावी (ती घेतली गेली नाही). चार मजले खुर्ची तिरपी होत उतरली. शेजारून रमाताई, हातात सिलिंडर, डोळे त्याच्या काट्यावर.

"ताई," अर्ध्या जिन्यात निनादराव धापा टाकत म्हणाले, "आपण नुसतं 'पत्रे' लिहिण्याऐवजी स्पष्ट कळवायला हवं होतं."

"पायऱ्या मोजा, निनादराव," रमाताई म्हणाल्या. "पत्रं माझी मोजून झालीत."

प्रभाकरराव काहीतरी पुटपुटले. काशिरामने कान जवळ नेला. "सावकास न्या म्हनतात. बंदरात असा माल ते उतरवू देत नव्हते."

भगवानशेठांच्या मोटारीतून ते सदतिसाव्या मिनिटाला नवीन पनवेलच्या रुग्णालयात पोचले. काटा लाल पट्टीच्या पार तळाशी होता. प्रभाकरराव वाचले.

यानंतर समितीने सज्जतेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार वादळात संस्थेची एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस पत्रे सुरक्षित राहिली, एकाचाही कोपरा दुमडला नाही. यशाचे प्रमाण शंभर टक्के. (प्रभाकररावांमुळे श्रद्धांजलीचा फलक विनावापर राहिला, याची हळहळ अहवालात नाही, पण फलक वाया जाऊ नये म्हणून, वायर जोडायला आलेल्या वीज कर्मचाऱ्यांच्या शिडीवरून, शेडवर जेथून पाच पत्रे गेले तेथे तो अंथरण्यात आला. मजकूर आकाशाकडे आहे. नाव कोरे आहे.) कुलूप पूर्ववत असून दुसरा खंड शिक्क्यासह शाबूत आहे.

रमाताईंचे बेचाळिसावे पत्र रुग्णालयातून आले. एकच ओळ होती: 'नऊ पत्रे अजून सैल आहेत.' यात लिंग उघडे पडेल असा एकही शब्द त्यांनी ठेवलेला नाही. निनादरावांना दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही. चौथ्या खंडाचा पुठ्ठा मागवण्यात आला आहे. प्रभाकरराव सोमवारी घरी येतील; वेधशाळेचा पुढचा इशारा मंगळवारचा आहे.

पत्रे म्हणजे काय, हे समितीला कळायला वादळ यावे लागले. वाचकहो, आपल्याला ते एक्केचाळिसाव्या पत्रातल्या लाल खुणांपाशीच कळले होते, आणि तरी आपण जागचे न हलता, किंचित हसत, पाचही पत्रे उडेपर्यंत वाचत राहिलात. समितीच्या भाषेत यालाच 'नोंद घेतली' असे म्हणतात.